लाल शेंबड्या गुलाबाचं बी

पाण्याचं मीटर वाचायला आलेल्या माणसाच्या प्रेमात कुणी पडत नाही. निदान केपमधल्या आमच्या माम्रे गावात तरी तसं घडल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. तो महिन्यातून एकदा येतो, फाटक वाजवतो, अंगणातलं लोखंडी झाकण उचलतो, आकडा टिपून घेतो आणि पुढच्या घरी जातो. आपण स्वयंपाकघरातूनच “कुत्रा बांधलाय” म्हणून ओरडायचं, की झालं.

पण आमच्याकडच्या पावसाळी हिवाळ्यात, ऑगस्टमधल्या त्या मंगळवारी झाकणावर माझा टब होता. आणि टबात, पाच दिवसांच्या पावसानंतर पडलेल्या उन्हात, एक लाल फूल उमलत होतं.

मी ओल्या मातीत गुडघे टेकून बसले होते. एका हातात चिमटा, दुसऱ्या हातात औषधाची रिकामी कॅप्सूल. मी शेजारच्या अटलांटिस गावात औषधांच्या दुकानात काम करते, त्यामुळे रिकाम्या कॅप्सूलना तोटा नाही. पाठीमागे बूट वाजले, पण मी वळले नाही.

“मिस, टब जरा सरकवावा लागेल.”

“नाही सरकणार.”

“जड आहे का? मी सरकवतो.”

“हात तर लावून बघा.”

तो थांबला. मी मान वर केली. उंच होता, खांद्यात किंचित वाकलेला. दिवसभर जमिनीतले आकडे वाचून वाकला असणार. टोपीखाली तपकिरी डोळे आणि शेंडा लाल झालेलं नाक. त्याने वाद घातला नाही. टब दोन विटांवर ठेवलेला होता. तो माणूस सरळ ओल्या जमिनीवर पालथा झाला, त्याने विटांमधून हात घालून झाकण बोटभर उचललं आणि खिशातून दाढीचा चिमुकला आरसा काढून आत धरला.

“आरशात आकडे उलटे दिसतात,” मी म्हणाले.

“सवय आहे. लोक मीटरवर काय वाटेल ते ठेवतात. पेल्ला गावात एका घरी झाकणावर डुकरीण झोपली होती. तिनेही सरकायला नकार दिला.”

“म्हणजे मी डुकरीण?”

“नाही... ती तुमच्यापेक्षा कमी बोलली.”

मला हसू आलं, ते मी गिळलं. तो उठला, पोटावरचा चिखल झटकू लागला, आणि तेव्हा त्याची नजर फुलावर गेली. हात तसाच राहिला. मग त्याच्या नाकपुड्या फुलल्या. तो गर्रकन वळला, चार पावलं लांब पळाला आणि कुंपणापलीकडे तोंड करून सणसणीत शिंकला. फुलावर शिंकायचं नाही एवढं कळणारा माणूस मी डॅडींनंतर पहिल्यांदा पाहत होते.

“शेंबडा गुलाब,” नाक पुसत तो म्हणाला. पुस्तकात याला दवबिंदू म्हणतात. पण पानांवरच्या त्या चिकट थेंबांना चिलटं कशी चिकटून बसतात हे लहानपणी पाहिलेला आमच्याकडचा माणूस याला शेंबडा गुलाबच म्हणणार. “आणि लाल. मला वाटत होतं लाल तो एकच उरलाय.”

माझ्या हातातला चिमटा खाली पडला. “कुठला एकच?”

त्याचं तोंड पटकन मिटलं. कानाच्या पाळ्या नाकाइतक्याच लाल झाल्या. “काही नाही, मिस.”

“कुणाच्या अंगणात पाहिलात?”

“ते नाही सांगता येणार. एका अंगणात दिसलेलं दुसऱ्या अंगणात बोलायचं नाही. नाहीतर आम्हाला फाटक कोण उघडेल?”

मी खूप मागे लागले. रागावले, विनवलं, कॉफीचं आमिष दाखवलं. त्याने कॉफी घेतली आणि नाव सांगितलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, “मी विचारून बघतो. माझं नाव एल्रिको. एल्रिको विटबोई.”

“मी बेरेनिस फिलांडर. आणि माझ्याकडे फार दिवस नाहीत.”

ते खरंच होतं. त्या दांड्यावर तीन कळ्या आल्या होत्या. पहिली पावसात उघडलीच नाही, तशीच कुजली. दुसरं फूल हे असं समोर. तिसरी कळी शनिवारपर्यंत उमलणार, आणि लाल फूल टिकतं ते एखाद-दोन दिवस, तेही ऊन असेल तरच.

हे झाड डॅडींनी आणलं. वीटभट्टीमागे डाउफ्ले नावाची पाणथळ जागा होती. हिवाळ्यात तिथे लाल शेंबडे गुलाब असे फुलायचे की लांबून चादर वाळत घातल्यासारखी वाटे. पांढरे नि गुलाबी आमच्याकडे कुठेही दिसतात, लाल फक्त तिथले. बारा वर्षांपूर्वी त्या जागेवर घरं बांधायचं ठरलं. यंत्रं यायच्या आदल्या दिवशी चर्चच्या लोकांना रोपं काढून न्यायची परवानगी मिळाली. पुष्कळांनी नेली. पण उन्हाळ्यात याची पानं वाळून जातात आणि जमिनीखाली सुतळीएवढं मूळ तेवढं जिवंत राहतं. कुणी मेलं म्हणून फेकून दिलं, कुणी पाणी घालघालून कुजवलं. डॅडींचं जगलं.

डॅडींकडे आधीच साध्या दवबिंदूंच्या चाळीस कुंड्या होत्या, लांब पानांचे, केपमधले नेहमीचे. त्यांना बी धरायला कुणाची मदत लागत नाही. बोंड वाळलं की पांढऱ्या कागदावर टिचकी मारायची, काळी भुकटी पडते. लाल गुलाबाचंही बोंड वाळलं की डॅडी तसंच करत. जे पडेल त्याची पुडी बांधत, पेन्सिलने लिहीत, आणि चर्चच्या बाजारात गावभर फुकट वाटत. लाल शेंबडा गुलाब, डाउफ्ले. गोळा करणार: इसाक फिलांडर. डाउफ्ले मेलं नाही, माझ्या पुड्यांमध्ये आहे, असं म्हणत.

डॅडी गेले त्याला आता दीड वर्ष झालं. मागच्या हिवाळ्यात मी त्यांची एक पुडी उघडून दुकानातल्या भिंगाखाली धरली. आत बी नव्हतं. नुसती सुरकुतलेली फोलपटं, आणि शेजारच्या कुंडीतून उडून आलेले साध्या दवबिंदूचे चार दाणे. मी सगळ्या पुड्या उघडल्या. सगळ्या तशाच. मग शोधाशोध करून कळलं की हे लाल झाड स्वतःचे पराग घेतच नाही. दुसऱ्या मुळापासून वाढलेल्या झाडाचे लागतात. म्हणजे डॅडींनी मरेपर्यंत अभिमानाने फोलपटं वाटली होती, आणि ज्यांच्याकडे उगवलं नाही ते स्वतःच्या हाताला दोष देत बसले होते.

हे मी मम्मीलाही सांगितलं नव्हतं. झाडाचं मूळ म्हातारं झालं होतं, दरवर्षी एकेक कळी कमी होत होती. यंदा बी धरायचंच, असं मी ठरवलं होतं. दुसरं झाड कुठे मिळणार हे माहीत नव्हतं, तरी फुलाचे पराग काढून कॅप्सूलमध्ये भरत होते आणि लोण्याच्या डब्याशेजारी गारव्याला ठेवत होते. कुठून तरी सुरुवात करायला हवी होती.

बुधवारी संध्याकाळी एल्रिको फाटकाशी उभा राहिला. गणवेश नव्हता, इस्त्रीचा शर्ट होता.

“नाव सांगायची परवानगी मिळाली,” तो म्हणाला.

“मग सांगा ना.”

“फूल मिळणार नाही, हेही सांगायची परवानगी मिळालीय.”

झाड पेल्लाच्या आंटी हेस्टरकडे होतं. आंटी हेस्टर म्हणजे तिथल्या मिशनच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. एल्रिकोला त्यांनीच शिकवलं होतं आणि सत्ताविसाव्या वर्षीही तो त्यांना घाबरत होता. फिलांडर हे आडनाव ऐकताच त्यांनी चहाचा कप बशीत आपटला होता. अकरा वर्षांपूर्वी इसाकने त्यांना मोठ्या थाटात लाल गुलाबाची पुडी दिली आणि त्यातून उगवला साधा दवबिंदू, जो पेल्लात गटाराच्या काठीही उगवतो. आपली मुद्दाम थट्टा केली असं त्यांनी धरलं आणि चर्चच्या पायरीवर, सगळ्यांदेखत, डॅडींना भामटा म्हटलं.

मला एवढंच आठवत होतं की आम्ही एकाएकी पेल्लाला जाणं सोडलं. कारण आता कळलं.

“शनिवारी मला सुट्टी आहे,” एल्रिको म्हणाला. “पिकअप आहे. पण त्या फाटक उघडतील असं नाही.”

“उघडतील. काय सांगायचं ते मला माहीत आहे.”

त्या संध्याकाळी मी मम्मीला सगळं सांगितलं. ती भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला.

“गेलेल्या माणसाचं नाव खाली करायला निघालीस?”

“चुकले होते, मम्मी. भामटे नव्हते. मी बोलले नाही तर तिकडे ते कायमचे भामटेच राहतील. आणि झाडही जाईल.”

मम्मीने नळ पुन्हा सोडला. एकेक भांडं विसळून पालथं घातलं. शेवटी म्हणाली, “चर्चला जायचा कोट घालून जा. तिथे गबाळी जाऊ नकोस.”

शनिवारी सकाळी ऊन लख्ख होतं, पण समुद्राच्या बाजूला ढगांची काळी कड दिसत होती. तिसरी कळी दहा वाजता सुटायला लागली. मी खिशात भिंग, चिमटा नि कॅप्सूल घेतली आणि पिकअपमध्ये बसले. वाटेत एल्रिकोने सांगितलं की तो पेल्लाच्या चर्चच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन नावाचं फुंकवाद्य वाजवतो. ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत सगळ्यांत लांब सूर त्याचा असतो म्हणे.

“शिंक आली तर?”

“धरून ठेवतो. चार मिनिटांपर्यंत धरता येते.”

“थापा.”

“कधी तरी बघाल,” तो म्हणाला आणि रस्त्याकडे बघत हसला. माझी नजर त्याच्या हातांवरून जरा उशिराच हटली... तेही त्याला दिसलं.

आंटी हेस्टर फाटकाच्या आत काठी टेकून उभ्या होत्या. उंचीने माझ्या खांद्याएवढ्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“नाक इसाकचंच आहे.”

“हो, आंटी. आंटी, फुलाचं नंतर. मी आधी एक सांगायला आलेय. डॅडींनी तुम्हाला दिलेल्या पुडीत लाल गुलाबाचं बी नव्हतं.”

“ते मला अकरा वर्षांपूर्वीच कळलंय, पोरी.”

“त्यांना मात्र कधीच कळलं नाही.” माझा आवाज कापायला लागला, तो मी कापू दिला. “कुठल्याच पुडीत नव्हतं. माम्रेत घरोघर वाटल्या, सगळ्या पोकळ. त्यांनी तुमची थट्टा केली नाही. त्यांना वाटायचं ते जगातली सगळ्यांत चांगली वस्तू तुम्हाला देतायत. ते चुकले, आंटी. मी त्यांची मुलगी आहे आणि मी सांगतेय, ते चुकले.”

आंटींनी एल्रिकोकडे पाहिलं. त्याने टोपी काढून हातात घेतली होती. मग त्यांनी कडी काढली. “पाय पुसून या.”

मागच्या अंगणात जुन्या न्हाणीटबात ते उभं होतं, आंटींनीही तेव्हा डाउफ्लेहून काढून आणलेलं लाल. फूल पूर्ण उघडलं होतं, मध्यभागी काळंभोर. बारा वर्षं आमच्या झाडापासून जेमतेम अर्ध्या तासाच्या अंतरावर. मला रडू आलं.

“रडतेस काय? इसाकचं नसेल, माझं बी खरं आहे,” आंटी म्हणाल्या आणि घरातून पत्र्याचा डबा घेऊन आल्या. आत नीट बांधलेल्या पुड्या होत्या. “चर्चमधल्या कन्फर्मेशनच्या विधीला दर मुलाला मी एक देते. हा एल्रिको उभा आहे, विचार त्याला.”

“कुणाकडे उगवलं, आंटी?”

“मुलं आळशी असतात.”

मी एक पुडी उघडून हातावर घेतली आणि भिंग त्यांच्यापुढे धरलं. त्या वाकल्या.

“हे काय आहे?”

“फोलपट, आंटी.”

एल्रिकोच्या तोंडून आवाज निघाला. “म्हणजे मी दोन वर्षं रिकाम्या कुंडीला पाणी घातलं?”

“तू निदान पाणी तरी घातलंस,” आंटी म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. त्या बाकावर बसल्या, चष्मा काढून पुसला, डोळ्याला लावला, पुन्हा काढून पुसला. “मी त्याला पायरीवर, सगळ्यांसमोर बोलले. तो काहीच बोलला नाही. टोपी उचलली आणि गेला. आणि मी घरी येऊन हेच, हेच कचऱ्याचे कण पुड्यांत बांधत बसले.”

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्या हातावर हात ठेवला, तो त्यांनी ठेवू दिला.

“उन्हाचं काय?” थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, आणि आवाज एकदम शाळेतला झाला. “किती वेळ आहे आपल्याकडे?”

मी खिशातली कॅप्सूल काढली. “हे डॅडींच्या झाडाचे पराग.”

“लाव,” आंटी म्हणाल्या.

मी त्यांच्या फुलाला डॅडींच्या झाडाचे पराग लावले, आणि त्यांच्या फुलाचे पिवळे कण दुसऱ्या कॅप्सूलमध्ये उतरवून घेतले. निघताना त्यांनी मला थांबवलं, कोटाची कॉलर सरळ केली आणि एल्रिकोला म्हणाल्या की गाडी जपून चालव, पण रेंगाळू नकोस.

तो रेंगाळला नाही. तरी माम्रेची पाटी दिसली तेव्हा ऊन गेलं होतं. काळी कड डोक्यावर आली होती, आणि टबातलं फूल मिटायला लागलं होतं. पाकळ्या एकमेकींवर येत होत्या, मुलं झोपताना पांघरूण ओढतात तशा. मी चिखलात बसले. चिमट्याच्या टोकाने एक पाकळी बाजूला केली, ती परत आली. दुसरी केली, तीही परत आली. आणि पहिला टपोरा थेंब माझ्या मानेवर पडला.

“अंग पुढे करू का? छत म्हणून?” एल्रिकोने विचारलं. उत्तराची वाट न बघता तो टबावर ओणवा झाला, जाकीट दोन्ही हातांत ताणून धरलं. पाऊस त्याच्या पाठीवर वाजायला लागला. जाकिटाखाली अंधारल्यासारखं झालं होतं. त्याचा चेहरा माझ्या कपाळापासून वीतभर, लोकरीचा ओला वास, आणि त्याचा श्वास थांबलेला. मला वाटलं माझ्याकडे बघून थांबलाय. मग नाकपुड्या दिसल्या.

“एल्रिको, हलू नकोस.”

त्याने मान हलवली, हलणार नाही म्हणून. मी तीन पाकळ्या बोटांनी धरल्या, कॅप्सूल उघडली, चिमट्याच्या टोकावर पराग घेतले आणि फुलाच्या मध्यावर टेकवले. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा, खात्रीसाठी. मग पाकळ्या सोडल्या. फूल मिटलं.

“झालं,” मी म्हणाले.

तो उठून कुंपणापर्यंत धावला आणि पावसात तोंड करून पाच वेळा शिंकला. परत आला तो नखशिखांत भिजलेला.

“तू मला ‘हलू नकोस’ म्हणालीस,” तो म्हणाला.

“मग?”

“मघापर्यंत अहो-जाहो होतं.”

“शिंकणार होतास. अहो म्हणायला वेळ नव्हता.”

“आता आहे वेळ. परत म्हणणार?”

“नाही,” मी म्हणाले. “आता राहू दे तसंच...”

आम्ही दोघांनी मिळून टब पडवीत आणून ठेवला. मीटरचं झाकण मोकळं झालं.

यानंतर मीटर दर आठवड्याला वाचलं जाऊ लागलं. कधी बुधवारी, कधी रविवारी चर्च सुटल्यावर. तो येताना कूसिस्टर, म्हणजे मसाल्याचे, पाकात मुरवलेले गोड वडे, आणायचा आणि मम्मी कॉफी ठेवत म्हणायची, आपलं पाणी सरकारला एवढं महत्त्वाचं कधीपासून वाटायला लागलं. तो खरोखर झाकण उचलून आकडा बघायचा. मग पडवीत माझ्या शेजारी बसून बोंड बघायचा. दरवर्षी ते काडीसारखं चपटं वाळायचं. यंदा तिसऱ्या आठवड्यात मला ते जरा गोल वाटलं. मी कुणाला बोलले नाही. चौथ्या आठवड्यात एल्रिको म्हणाला, “बेरेनिस, हे फुगलंय.”

“तुला वाटतं तसं.”

“मी उलटे आकडे वाचतो. मला बोंड वाचता येणार नाही?”

वाऱ्याने दाणे उडू नयेत म्हणून मी मम्मीच्या जुन्या पायमोज्याचा तुकडा बोंडावर बांधला. गाठ मारताना एल्रिकोची बोटं माझ्या बोटांत अडकली. ती सोडवायची घाई दोघांनाही नव्हती.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी बोंड तपकिरी झालं आणि शेंड्याला चीर गेली. मी दांडा कापला आणि पायमोज्यासकट स्वयंपाकघरात आणला. खिडक्या लावल्या. टेबलावर पांढरा कागद पसरला. मम्मीला सांगितलं की आता हसायचं नाही, खोकायचं नाही, शक्य असेल तर श्वासही घ्यायचा नाही. दाणे धुळीइतके बारीक असतात, एका फुंकरीत सगळं जातं.

एल्रिको तेवढ्यात आला. त्याच्या हातात आंटी हेस्टरची पुडी होती, त्यांचं बोंड चार दिवस आधी पिकलं होतं. वरचं शिक्षिकेचं अक्षर मम्मीने वाचलं. लाल शेंबडा गुलाब, डाउफ्ले. आईकडचं झाड हेस्टरचं. बापाकडचं झाड इसाक फिलांडर यांचं, ज्यांच्यामुळे हे बी आहे. मम्मीने ते दोनदा वाचलं, पुडी आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली आणि पुस्तक मांडीवर घेऊन बसली.

“तू दारात उभा राहा,” मी एल्रिकोला म्हणाले. “नाक लाल आहे तुझं.”

“मदत करू दे की.”

“उंबऱ्याच्या बाहेर. आणि बोलायचं असेल तर तोंड अंगणाकडे.”

तो निमूट उंबऱ्याबाहेर गेला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मी पायमोजा सोडला. बोंड कागदावर धरलं. हात टेबलाच्या कडेवर टेकवला. आणि टिचकी मारली.

कागदावर काळं काही तरी सांडलं. मी भिंग लावलं. बारीक, काळे, भरलेले दाणे. एकही सुरकुती नाही. पुन्हा टिचकी मारली, पुन्हा सांडले. बारा वर्षांनी डाउफ्ले माझ्या कागदावर पडत होतं, आणि मला ओरडताही येत नव्हतं, रडताही येत नव्हतं. मम्मीने श्वास कागदावर जाऊ नये म्हणून पुस्तक तोंडावर धरलं होतं.

“बेरेनिस,” दारातून आवाज आला. पाठ तशीच अंगणाकडे. “पडलं का ते मी विचारत नाही. तुम्ही दोघी इतक्या गप्प आहात म्हणजे पडलंच असणार. तू आत्ता बोलू शकत नाहीस हे मला माहीत आहे, म्हणूनच मी आत्ता बोलतोय. एरवी तू मला बोलू देत नाहीस.”

मी कागदाची एक कड उचलली. दाणे घरंगळत मधल्या घडीत जमले.

“मी रोज घरोघरी जातो. कुठल्याच घरातलं काही पाहायचं नाही, बोलायचं नाही, अशी सवय लागलीय. तुझ्या घरातून निघालो की मात्र दिवसभर तेच दिसतं. तू गुडघ्यांवर बसलेली, आणि हात तर लावून बघा म्हणालेली. मला या घरी आकडा बघायला यायचं नाहीये. मला या घरी यायचंय. तुझ्याशी लग्न करायचंय.” तो थांबला. मग नाक दाबलेल्या, फुगलेल्या आवाजात म्हणाला, “सावकाश कर. मी थांबतो.”

मी सावकाशच केलं. डॅडींनी आगाऊ लिहून ठेवलेल्या रिकाम्या पुड्यांपैकी एकच उरली होती. त्यांच्या पेन्सिलीचं तिरकं अक्षर. लाल शेंबडा गुलाब, डाउफ्ले. गोळा करणार: इसाक फिलांडर. वर्षाची जागा मोकळी. मी दाणे तीत उतरवले. पहिली घडी. दुसरी घडी. कडा आत खोचल्या. पुडी हलवून कानाशी धरली, आणि तिचा अगदी बारीक आवाज आला. आजवर डॅडींच्या कुठल्याच पुडीचा असा आवाज आला नव्हता.

मी मोकळ्या जागेत वर्ष लिहिलं. डॅडींच्या नावाखाली बेरेनिस फिलांडर लिहिलं. मग पेन्सिल आणि पुडी घेऊन दारात गेले.

“इकडे वळ.”

तो वळला. डोळ्यांत पाणी, गाल फुगलेले, दोन बोटं नाकाखाली घट्ट.

“तिसरं नाव तुझं,” मी म्हणाले. “छत तू धरलं होतंस. आणि हो, एल्रिको. हो. मलाही तू रोज इथे हवा आहेस.”

त्याने दाराच्या चौकटीवर पुडी टेकवून नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं, कारण नाकावरचा हात काढायला तो अजून धजत नव्हता. पुडी मला परत दिली आणि भुवयांनीच विचारलं.

“घडी पक्की आहे,” मी म्हणाले. “आता शिंक.”